मुकुंदाचा लॅपटॉप आणि बुवांची हाक

एका घळीच्या अल्याड होता मठ आणि पल्याड होतं एक कौलारू घर. मठात राहायचे धोंडबुवा, घरात राहायचे शंकरआप्पा, आणि आप्पांचा एकुलता एक मुकुंद राहायचा लांब पुण्याला, संगणकाच्या कंपनीत. देवानं त्या घराला घनसाळ भाताचं शेत दिलं होतं, दारात गाय दिली होती, शिकलेला मुलगा दिला होता. त्या वर्षी मात्र दिलेल्यातलं एक परत मागून घेतलं. आप्पांचं बोलणं.

"बुवा, चांगलं चालू असलेलं बंद का पडतं?"

मुकुंद मठाच्या अंगणात उभा होता. घळ चढून आल्यानं धाप लागलेली. चपला पायरीशी कशातरी भिरकावलेल्या, एक उलटी, एक सुलटी.

बुवा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आणि बंद पडलेलं चालू कसं हुतं," ते म्हणाले, "ते इचारायला कधी आला न्हाईस."

मुकुंदनं बाहीनं कपाळाचा घाम पुसला.

"बस. शेंगा घे."

लहानपणी मुकुंद याच अंगणात बुवांकडे पखवाज शिकला. हात गोड होता पोराचा. पण थांबणं ठाऊक नव्हतं. गाणाऱ्यानं जरा कुठे दम घेतला, की याचं बोट पुढच्या बोलावर पडलेलंच. बुवा म्हणायचे, "आरं, त्याला श्वास तरी घिऊ दे." तोवर हा दोन पावलं पुढे. असाच पुढे पुढे जात पुण्याला पोचला. तिथे मोठमोठ्या कंपन्यांची बिघडलेली यंत्रं त्याच्यापुढे येतात आणि तो ती घरी बसल्या दुरुस्त करतो, असं सगळा गाव सांगायचा. तोही सांगायचा.

त्यानं शेंगा घेतल्या. सोलल्या नाहीत.

"सांग आता. काय बंद पडलं?"

"आप्पांच्या लॅपटॉपचं वायफाय."

"म्हंजे?"

"म्हणजे… लॅपटॉप आणि ती देवघराशेजारची दिव्यांची डबी. दोघांच्या मध्ये तार नाही. हवेतून बोलतात. मध्येच बोलणं तुटतं."

"भांडत्यात?"

"नाही हो."

"मग?"

"तेच कळत नाही." आणि हे वाक्य म्हणताना मुकुंदचा चेहरा असा झाला, जसं कुणी भर बाजारात त्याची टोपी उडवली.

आता मागचं थोडं ऐका, म्हणजे त्या पोराचा जीव कशात अडकला होता ते कळेल.

आषाढात आप्पांना लकवा मारून गेला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. माणूस शुद्धीत, डोळ्यांत सगळी ओळख, पण तोंडातून शब्द नाही. मुकुंद त्यांना पुण्याला न्यायला आला, तर आप्पांनी डाव्या हातानं खाटेचा खूर असा धरला की दोघा गड्यांना सुटेना. मग राहिले इथेच. शेजारची पारूकाकी सकाळ-संध्याकाळ भाकरी, पाणी, औषध बघू लागली.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई असतात म्हणे शहरात, त्यांनी मुकुंदला सांगितलं, "शब्द गेलेला नाही, आत आहे. वाट अडली आहे. रोज बोला त्यांच्याशी. विचारा, आणि मग थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. तुम्ही थांबायचं."

घर घळीच्या पल्याड, उताराच्या आडोशाला, तिथे मोबाईलला रेंज कुठली? म्हणून मुकुंदनं आपला जुना लॅपटॉप आप्पांच्या खाटेशी ठेवला, घरात वायफाय घेतलं, आणि असं काही करून ठेवलं की त्याचा फोन आला की लॅपटॉपनं आपणहून उचलायचा. चित्र दिसायचं नाही, तेवढा दम त्या लाईनीत नव्हता. नुसता आवाज. रोज चहाच्या वेळेला मुकुंद विचारायचा, "आप्पा, जेवलात का? आप्पा, गाय व्याली का?" आणि थांबायचा. आयुष्यात पहिल्यांदा थांबायला शिकला.

श्रावणात आप्पांनी "हं" म्हटलं.

भादव्यात एका दिवशी ओठ मिटले, गाल फुगले, कपाळाची शीर ताठ झाली, आणि कितीतरी वेळानं आवाज आला, "मु…"

बास, एवढंच. पारूकाकी सांगते, पलीकडे पुण्यात मुकुंद हमसून हमसून रडला, ते इथे चुलीपाशी तिला ऐकू आलं.

मग आला दसरा. मुकुंद सुट्टी काढून घरी आला. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारं पुजतात. कोयता, विळा, नांगराचा फाळ ओळीनं मांडले, आणि मुकुंदनं त्यांच्या शेजारी लॅपटॉप ठेवला. त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आप्पा खाटेवरून बघत होते, डोळ्यांनी हसले. दुसऱ्या दिवशी मुहूर्त चांगला, घरात सगळ्यांना नवे कपडे. तर याच्या मनात आलं, ह्या बिचाऱ्या लॅपटॉपला तरी जुन्यात का ठेवा? आणि त्यानं त्यात नवी सिस्टीम घातली. जुनी चालत होती. चांगली चालत होती. पण दसरा होता ना.

पुण्याला परतला. फोन लावला. "आप्पा, जेवलात का?" थांबला. आप्पांचे ओठ मिटले, शीर ताठ झाली, शब्द घशाशी आला…

टुंग.

तुटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मुकुंद बोलत असला की लाईन शाबूत. आप्पांची पाळी आली, की टुंग.

आता आप्पांना काय कळणार वायफाय न् सिस्टीम? त्यांना एवढंच कळलं, की आपण बोलायला तोंड उघडलं की मुलगा फोन ठेवतो. आणि खोटं कशाला बोला, पूर्वी ठेवायचाच की तो. आप्पा धडधाकट होते, घरातला तारेचा जुना फोन अजून चालत होता, तेव्हा "बरं, ठेवतो आप्पा, मीटिंग आहे" हे वाक्य त्या घरात पारूकाकीच्या कोंबड्यांनाही पाठ होतं.

दिवाळीच्या आधी पारूकाकीचा निरोप गेला. "मुकुंदा, ये बाबा. आप्पा आता हं सुदीक म्हणंनात. काल डाव्या हातानं त्या लॅपटॉपचं तोंड भिंतीकडं फिरवलंय."

म्हणून तो आला होता. आणि रजा संपत आली होती.

"काय काय करून बघितलंस?" बुवांनी विचारलं.

"सगळं."

"बंद करून चालू केलास?"

"बुवा, ते सगळ्यात आधी."

"आमच्या पंपाला तेच करत्यात."

"डबी नवी आणली. पासवर्ड बदलला. लॅपटॉपला ते वायफाय पार विसरायला लावलं, मग नव्यानं ओळख करून दिली. वायफायचं आतलं सॉफ्टवेअर काढून परत बसवलं. झेंडूची पाकळी कुठे आत गेली का, तेही उघडून पाहिलं. पारूकाकीच्या नातवाचा मोबाईल त्याच वायफायवर दिवसभर चालतो, म्हणजे डबीत दोष नाही. दोष लॅपटॉपमध्येच." तो थांबला. "काकीनं डबीला मिरची-लिंबू बांधलंय."

"लागू पडलं?"

"बुवा!"

"इचारलं आपलं." बुवांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "तू समोर बसलास तरी तुटतंय?"

"तीच तर गंमत आहे." मुकुंद पुढे सरकला. आता त्याच्या आवाजात जीव आला. दुखणं नीट सांगता आलं की माणसाला बरं वाटतं. "मी समोर बसलो, तपासायला लागलो, की तुटत नाही. तासन् तास तुटत नाही. उठून गेलो, की तुटलं. जणू मला चिडवतो."

"तपासतोस म्हंजे काय करतोस?"

"मी लॅपटॉपला एक काम लावतो. तो सारखा पलीकडे विचारत राहतो, आहेस का? पलीकडून येतं, आहे. परत विचारतो, आहेस का? आहे. असं चालूच."

"आन् तवर तुटत न्हाई."

"नाही."

"मग तेच चालू ठेव की."

मुकुंद हसला. मोठ्या माणसानं लहान पोराकडे पाहून हसावं तसा. "तो इलाज नाही, बुवा. ती नुसती तपासणी आहे. त्यात कामाचं काही बोलणं नसतं. आहेस का, आहे. याला काय अर्थ?"

"अस्सं," बुवा म्हणाले.

उन्हं घळीतून वर सरकली होती. पल्याडच्या घराच्या कौलांतून धूर निघू लागला. बुवांनी मांडीवरची सालपटं झटकली, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि अंगणाच्या कडेला, सावरीच्या झाडापाशी गेले. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ओ शंकऱ्याऽऽऽ!"

आवाज घळीत उतरला, पल्याडच्या उतारावर आपटला, विरला.

बुवांनी कानामागे तळवा धरला. मान जरा वाकडी केली. उभे राहिले…

घळीत एक व्हला पक्षी घुमत होता. खाली गाय हंबरली.

बुवा परत आले. बसले. शेंगा ओढून घेतल्या.

हे काही त्या दिवसाचं नव्हतं. आप्पा आणि बुवा बरोबरीचे. एकाच्या मिशा फुटल्या त्या साली दुसऱ्याच्या फुटल्या. एकानं संसार केला, एकानं मठ धरला. घळ उतरून चढायला दोघांनाही कंटाळा. म्हणून तिन्हीसांजेला अल्याडून हाक जायची, "ओ शंकऱ्या!" पल्याडून यायची, "ओ बुवाऽ!" झालं. दोघं आपापल्या दिव्याला लागायचे. गावात कुणाला वेळ विचारली, तर लोक सांगायचे, बुवांची हाक झाली की नाही अजून?

आषाढापासून पल्याडचं "ओ" बंद होतं. अल्याडची हाक बंद नव्हती.

मुकुंदला ते माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि शेजारी बसून पाहणं वेगळं. त्याला जे वाटलं ते, पुरुषमाणसांचं असतं तसं, रागासारखं बाहेर पडलं.

"बुवा, आप्पांना बोलता येत नाही."

"ठावं हाय."

"मग कुणाला हाक मारता?"

"शंकऱ्याला."

"उत्तर येणार नाही."

"आज न्हाई आलं."

"उद्याही येणार नाही. मग कशाला?"

बुवांनी शेंग उकलली. पाच दाणे निघाले, टपोरे. त्यांच्याकडे बघत राहिले.

"मुकुंदा, जरा गप बसूया."

"किती वेळ?"

"गप बसूया म्हणलं की तुझा पैला सवाल ह्योच."

बुवा खांबाला टेकले. डोळे मिटले. हात मांडीवर उताणे.

मुकुंद बसला. सावरीवरनं एक पान खाली आलं. मुंग्या पावट्याच्या सालीकडे निघाल्या होत्या. त्यानं त्या पाहिल्या. मग बुवांकडे पाहिलं.

"बुवा?"

"हं."

परत शांत. धूर कौलांवर पसरला. मुकुंदनं खिशातून फोन काढला, वर मठात रेंज भरपूर, पण बघण्यासारखं काही नव्हतं. ठेवला.

"बुवा, झोपलात का?"

"न्हाई."

पुन्हा शांत… पुष्कळ शांत. बुवांची छाती हलते आहे का ते संधिप्रकाशात दिसेना. तोंड किंचित उघडं. पांढऱ्या दाढीवर एक माशी येऊन बसली, त्यांनी हाकलली नाही.

"बुवा…"

उत्तर नाही.

"बुवा!"

मुकुंद ताडकन उठला, जाऊन त्यांचा खांदा धरला, गदागदा हलवला. बुवांनी डोळे उघडले. स्वच्छ, जागे डोळे.

"काय झालं रं?"

"तुम्ही… मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"काही आवाज नाही, हालचाल नाही. म्हणून मला…" त्यानं त्यांचा खांदा अजून सोडला नव्हता.

"मी हितंच बसलोय."

"हो, पण…"

"मी गप बसलो," बुवा हळूच म्हणाले, "तर तू मला न्हाई म्हणून मोकळा झालास, व्हय?"

मुकुंद त्यांच्याकडे बघतच राहिला. मग घळीपलीकडे पाहिलं. मग परत बुवांकडे. आणि एकदम त्यानं कपाळावर हात मारला.

"बुवा! तोही हेच करतोय!"

"कोण?"

पण मुकुंद पायऱ्या उतरून गेलाही होता. करवंदीच्या जाळ्यांतून त्याच्या धावण्याचा आवाज खाली खाली जात राहिला.

"चपला!" बुवा ओरडले.

त्या तिथेच राहिल्या. एक उलटी, एक सुलटी. बुवांनी उलटी सरळ केली आणि दिवा लावायला आत गेले.

मुकुंद घरी आला तेव्हा तळव्यात काटे होते आणि पारूकाकी भाकरी थापत होती. "आरं, आरं, कुणी पाठीस लागलंय का?" हा काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड केलेला लॅपटॉप उचलला, मांडीवर घेतला, आणि आत आत शिरला. एका दारातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. एवढं सगळं तपासलं होतं, पण तिथे तो गेला नव्हता. तिथे बिघडलेलं काहीच नव्हतं ना. तिथे होता नुसता चांगुलपणा.

नवी सिस्टीम काटकसरी होती. थोडा वेळ कुणी बोललं नाही, काही आलं-गेलं नाही, की ती म्हणायची, कोणी नाही वाटतं तिकडे, उगीच वीज कशाला घालवा? आणि वायफायला झोपवायची. परवानगी होती तिला तशी. एका ओळीपुढे बरोबरची खूण होती. जुन्या सिस्टीममध्ये ती खूण मुकुंदनंच कधीकाळी काढून ठेवलेली. नव्या सिस्टीमनं येताना ती आपली आपण परत घातली. आणि हा तपासायला बसला, की त्याच्या त्या आहेस-का-आहेनं तिला झोपच लागायची नाही. मग दोष दिसणार कसा?

आप्पांचा शब्द यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ त्या यंत्राला धीर नव्हता.

मुकुंदनं खूण काढली. एवढंच काम.

मग त्यानं बुवांनी केलं ते केलं. लॅपटॉप समोर ठेवला आणि हात मांडीवर उताणे ठेवून बसला. काही विचारलं नाही, काही तपासलं नाही. पारूकाकीनं भाकऱ्या संपवल्या, तवा उतरवला, गायीला वैरण घालून आली. तुटलं नाही.

सकाळी आप्पांच्या खाटेशी बसला. आप्पांचं तोंड भिंतीकडे.

"आप्पा, मी ठेवत नव्हतो."

आप्पा हलले नाहीत.

"ते यंत्र झोपत होतं. मी नव्हतो ठेवत." तो थांबला. जमिनीकडे पाहिलं. "आधी ठेवायचो. आता नव्हतो ठेवत."

खाटेचा खूर करकरला. आप्पांनी मान वळवली. सावकाश, गाडा वळावा तशी. मुलाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग डावा हात उचलून त्याच्या पायाकडे बोट केलं.

"चपला मठात राहिल्या," मुकुंद म्हणाला.

आप्पांचे डोळे हसले.

"मी संध्याकाळी आणायला जातो. तिथनं तुम्हाला फोन लावतो. लॅपटॉप उचलेल. मग तुम्ही काही बोलू नका. मीही बोलणार नाही. नुसतं असायचं. चालेल?"

पारूकाकी पदर तोंडाला लावून पुटपुटली, "बया! न बोलायला फोन! पुण्याला हेच शिकवत्यात का?" पण आप्पांनी मान डोलावली.

तर त्या संध्याकाळी मुकुंद मठात गेला. चपला पायरीशी सरळ ठेवलेल्या होत्या. बुवा जात्याच्या पाळीवर बसले होते. त्यानं फोन लावला, आवाज मोठा केला आणि तुळशीकट्ट्यावर ठेवला.

"ह्यात काय हाय?" बुवांनी विचारलं.

"आमचं घर."

दोघं ऐकत बसले. आधी पारूकाकीचं भांडं वाजलं. कोंबडी कुरकुरली. मग काकी बाहेर गेली असावी, सगळं थांबलं. नुसता एक श्वास. जाणारा, येणारा. मुकुंदनं तो लहानपणी पाठीशी झोपून ऐकला होता. इतक्या वर्षांत त्याला आठवलाही नव्हता.

श्वासही मग ऐकू येईना.

मुकुंदचे ओठ हलले. "आहात का?" एवढं विचारलं की झालं. जिभेवर आलं होतं. त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा सावरीकडे बघत होते. मुकुंदनं दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले, आणि गिळलं.

तुटलं नाही.

पूर्वी टुंग व्हायचं ती घडी आली, गेली. उन्हं वर सरकली. धूर निघाला. तुटलं नाही.

बुवा उठले. गुडघ्यावर हात देऊन, रोजच्यासारखे. कडेला गेले, हात तोंडाशी धरले.

"ओ शंकऱ्याऽऽऽ!"

हाक घळीत उतरली. आणि जराशानं मागून, तुळशीकट्ट्यावरून, कुणीतरी बारीक आवाजात ओरडलं, "ओ शंकऱ्याऽऽऽ!"

बुवा दचकून वळले. "कोण रं त्यो?"

"तुम्हीच, बुवा. तुमची हाक घरात पोचली ती."

"रोज पोचती?"

"रोज पोचत असणार."

बुवांनी मान हलवली, परत घळीकडे तोंड केलं, कानामागे तळवा धरला.

व्हला घुमला. थांबला.

फोनमध्ये खाटेचा खूर करकरला.

मुकुंद उठला नाही. बोलला नाही. पोरानं पखवाज मांडीवर घेऊन जसं कधीच ऐकलं नव्हतं, तसं ऐकत राहिला. फोनमध्ये कुणीतरी नाकातून श्वास घेतला. सोडला. परत घेतला. ओठ मिटल्याचा आवाज. घसा. काहीतरी खालून वर येत होतं, चिखलातून गाडा वर यावा तसं, अडत, घसरत, पुन्हा जोर करत…

आणि तुटलं नाही.

"ओ…"

पारूकाकीच्या हातातून तांब्या पडला, तो आवाज घळीच्या दोन्ही काठांना ऐकू गेला.

"ओ… बुवा…"

मुकुंदनं फोन छातीशी धरला. त्या घडीला बापाला बोलता येत होतं आणि लेकाला येत नव्हतं.

त्या घराचं भाग्य परत आलं ते असं. पुढे मुकुंदचं अख्खं नाव यायला शिमगा उजाडला, आणि पाडव्याला तर आप्पांनी पारूकाकीच्या आमटीला नावं ठेवली, तेव्हा काकीनं देवापुढे साखर ठेवली. मुकुंद पुण्याला गेला, पण चहाच्या वेळी फोन यायचा. कधी बोलायचे, कधी नुसते असायचे. दोन दोन तास. यंत्र काही झोपलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सावरीखाली बुवांनी कानामागचा हात काढला. फोनकडे वळूनही पाहिलं नाही. पल्याडच्या धुराकडे बघत, रोजच्याच आवाजात म्हणाले,

"आज लई उशीर केलास, शंकऱ्या."